खोली शांत होती का?

१

शांतताबाईला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कामावरून काढून टाकण्यात आलं. चार वाजून चाळीस मिनिटांनी, तिला मुळात कोणी काढलंच नव्हतं, असा ठराव झाला. ठराव झाला म्हणजे झाला. त्यामुळे तो मधला अर्धा तास इतिवृत्तात नाही, आणि त्या अर्ध्या तासात ज्यांनी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलेलंही नाही. आपणही तसंच शहाण्यासारखं वागू. काही झालेलं नाही. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि श्रवण संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, शांतताबाईच्या टेबलावर, एक अहवाल सहीसाठी येऊन पडला आहे.

शांतताबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकांचे कान तपासणं हे तिचं काम, आणि त्यासाठी खोलीत शांतता लागते हे ती इतक्या जणांना इतक्या वेळा सांगायची, की बारशाचं नाव मागे पडलं. तिच्याशेजारी बसून बिस्कीट खायचं तर ते आधी चहात बुडवावं लागे.

अहवाल एका पानाचा होता. ‘बाटली कारखान्याचे कामगार चाळीस. कान ऐंशी. सर्व निरोगी. तक्रार निराधार. कामगारांनी उद्यापासून लाइनवर रुजू व्हावे. तपासणी करणार: सही.’

सहीची जागा कोरी होती. शांतताबाईने पेन उचललं आणि परत ठेवलं.

कारण हे ऐंशी कान तिने स्वतः तपासले होते. चार आठवडे, कारखान्याच्या दवाखान्यात बसून. त्या चाळीस जणांची तक्रार मोठी विचित्र होती. शांत खोलीत त्यांना बोलणं सगळं ऐकू यायचं. पण चार माणसं एकदम बोलू लागली, पंखा लागला, नळ सुटला, की समोरच्याचं बोलणं म्हणजे नुसता कालवा. नेहमीच्या तपासणीत सगळे पास. कारखान्याने लगेच शब्द शोधून काढला: सोंग.

केंद्राचं नवं यंत्र मात्र माणसाला काही विचारतच नाही. ते थेट कानालाच विचारतं. कानात एक मऊ बोंडूक बसवायचं आणि टिक-टिक आवाज सोडायचा. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो उलट बारीकसा आवाज करतो, आणि यंत्र ते उत्तर टिपून घेतं. गोंगाटाने थकलेल्या कानाचं हे उत्तर आधी बसतं. माणसाला पत्ता लागतो तो पुष्कळ नंतर. त्या ऐंशी कानांपैकी साठ तरी नुसते पुटपुटत होते. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. सतरा नंबरच्या खुर्चीतले दोन कान तर तिला जन्मापासून ओळखीचे होते. ते तिच्या बाबांचे होते.

तिने यंत्रावर सतरा नंबरची नोंद उघडली.

उजवा कान लाल, डावा निळा. दोन्ही आलेख ठणठणीत, आणि दोन्ही अगदी एकसारखे. शांतताबाईची मान ताठ झाली. माणसाचे दोन कान सख्खे भाऊ असतात, जुळे नसतात. प्रत्येक कानाचं उत्तर त्याचं त्याचं, अंगठ्याच्या ठशासारखं.

तिने अठरा नंबर उघडला. तोच ठसा. एकोणीस, तोच. पहिला, तोच. चाळीसावा, तोच.

चाळीस माणसांच्या डोक्यांना दोन्ही बाजूंनी एकच कान लावलेला होता. आणि त्याच्या आलेखावर, मध्याच्या जरा अलीकडे, एक छोटंसं वशिंड होतं. ते वशिंड तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. रोज सकाळी पावणेनऊला ती ते पाहत होती.

तो तिचाच उजवा कान होता.

२

यंत्र रोज सकाळी खात्रीचं करून घ्यावं लागतं. त्याला सोपा उपाय म्हणजे स्वतःचा कान. शांतताबाई, पुढे कारखान्यात जायचं असलं तरी, आधी केंद्रात यायची, पर्स ठेवायची, बोंडूक उजव्या कानात घालायची आणि बटण दाबायची. कालच्यासारखाच आलेख आला म्हणजे यंत्र ठीक, किंवा दोघंही एकदमच बिघडलेत. या नोंदी यंत्रात ‘रोजची तपासणी’ या खणात साठत जात. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. कुणीतरी बघितलं होतं.

कोणी, हे यंत्र सांगेना. नोंदी उचलल्या गेल्या होत्या गेल्या शनिवारी दुपारी, ‘प्रयोगशाळा’ या नावाने. त्या नावाचा पासवर्ड गुप्त राहावा म्हणून मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला होता. कारखान्यातल्या मूळ नोंदी पुसल्या गेल्या होत्या.

आता सही केली तर बाबा उद्या लाइनवर, आणि गेलेलं ऐकू येणं काही परत येत नाही. सही नाही केली तर विचारतील, का नाही? आणि उघड केलं, तर ऐंशी नोंदींत कान कुणाचा? तिचा. ‘तपासण्या न करता बाईने स्वतःचाच कान चिकटवला’ हे कुणालाही पटलं असतं. कामचुकारपणाला पुरावा लागत नाही.

“सही झाली का?” मागून आवाज आला.

पीएचडीबाई दारात उभ्या होत्या. वय छत्तीस, प्रबंध सहा वर्षं ‘शेवटच्या टप्प्यात’. त्यांचा विषय नवा होता: गोंगाटात ऐकताना मेंदूला किती कष्ट पडतात, हे डोळ्यांच्या बाहुलीवरून मोजायचं. त्यामुळे त्या कुणाशीही बोलताना डोळ्यांत इतकं रोखून बघायच्या की माणूस भलतंसलतं कबूल करून मोकळा होई.

“नाही झाली. साडेतीनला बैठक आहे, तोवर वेळ आहे,” शांतताबाई म्हणाली. “शनिवारी दुपारी तुम्ही होता इथं?”

“होते. आकडेवाले काका होते, मोठे डॉक्टर होते, तो झाकणराव कसल्याशा बाटल्या देऊन गेला. का गं? तुझ्या बाहुल्या केवढ्या झाल्यात!”

“उजेड कमी आहे.”

“उजेडाचं जाऊ दे, हे आधी थांबव.” पीएचडीबाईंनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. “हा चिवचिवाट ऐकून ऐकून माझं डोकं फुटायची वेळ आलीय. एक दिवस मी यांना माझ्या प्रबंधावर बसवणार आहे. उबला तर उबला.”

खोक्यात दिव्याच्या उबेला कोंबडीची सहा पिल्लं होती. ती मोठ्या डॉक्टरांची. म्हणजे संशोधनाची. गोंगाटाने कोंबडीच्या कानातल्या बारीक पेशी मेल्या, तर काही आठवड्यांत नव्या उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. कोंबडीला जे जमतं ते माणसाला का जमू नये, या अपमानाचा छडा मोठे डॉक्टर लावत होते. वर जागा नव्हती, म्हणून पाच महिन्यांपासून पिल्लांची एकेक तुकडी शांतताबाईच्या टेबलाशेजारी वाढत होती. केंद्रातल्या सर्वांत शांत बाईच्या वाट्याला सहा पिल्लं. केंद्राचा कारभार असाच चाले.

पीएचडीबाई गेल्या. शांतताबाईने अहवालाची घडी केली, खिशात घातली आणि स्वतःशीच म्हणाली, “माझा कान काय धर्मशाळा आहे? कुणीही यावं नि घेऊन जावं?”

शनिवारी इथं आलेली माणसं चार होती. साडेतीनला अजून साडेपाच तास होते.

३

आकडेवाले काका पहिल्या मजल्यावर बसत. केंद्राचे सगळे आकडे तेच जुळवत. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं. ती नसली तर त्यांना खालची पट्टी नाही, वरची पट्टी नाही, शेजारून रोडरोलर गेला तर फक्त धरणीकंप जाणवायचा. बैठकीत ते दोन्ही यंत्रं बंद करून बसत. केंद्रातला त्यांच्याइतका प्रसन्न माणूस दुसरा नव्हता.

“काका, ऐंशी कानांचे आकडे तुम्ही बघितलेत?”

“बघितले. इतके सारखे आकडे मी आयुष्यात बघितले नाहीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो की. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, अहो, सारखेपणा जरा अती आहे. ते म्हणाले, कारखान्यातली शिस्त. मग मी यंत्रं बंद केली.” काकांनी चष्मा पुसला. “तुझा आवाज कापतोय, बाळ. नवीन यंत्रं आहेत, सगळं येतं ऐकू. तुझ्या पिल्लांचंही जिन्यापासून येतं. सुरुवातीला मला वाटलं यंत्रालाच पंख फुटले.”

झाकणराव मागच्या दारी सापडला. हा बाटली कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. वीस वर्षांपूर्वी कामावर आला त्या दिवसापासून कानांवर जाड टोप्या घालून फिरायचा, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. लग्नात सुद्धा टोप्या होत्या म्हणतात. नवरीने त्यावर कधी तक्रार केली नाही. सासूने केली.

“मी कशाला नोंदी बदलू, ताई?” तो म्हणाला. त्याने टोप्या वर कपाळावर सरकवल्या होत्या. “मला काय, चाळीस जण लाइनवर आले तर मालक खूश. नाही आले तर मी खूश. कारण मग मालकाला मी वीस वर्षं जे सांगतोय ते खरं ठरतं. सगळ्यांना टोप्या द्या, सगळ्यांना द्या! ते हसतात. तुम्ही माझे कान तपासलेत की गेल्या वर्षी. काय म्हणालात?”

“बाळाचे कान आहेत म्हणाले.”

“बघा. अन् ते बाळ किती ओरडतंय तुमच्याकडे. बाहेरपर्यंत येतो चिवचिवाट.”

तिने मोठ्या डॉक्टरांना शेवटी ठेवलं होतं, पण तेच खाली आले. उंच, पांढरेशुभ्र केस, आवाज सभागृहाचा. तीस वर्षांपूर्वी कारखान्यांसाठी कानांची कसोटी त्यांनीच लिहिली होती. खालच्या तीन पट्ट्यांत नीट ऐकू आलं की कान पास. हजारो कामगार त्या कसोटीने पास झाले होते. केंद्रातल्या सभागृहात त्यांचं तैलचित्र होतं आणि चित्रातही कानच जास्त उजळले होते.

“सर, नोंदी बदलल्या गेल्यात.”

“कशावरून?”

“डावा नि उजवा एकसारखे आहेत.”

“यंत्र नवं आहे, बाई. नव्या यंत्रांचा मला तरी भरवसा नाही.” त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ टीं-टीं करून अकरा वाजल्याचं सांगत होतं. ते बोलतच राहिले. मोठ्या माणसाला घड्याळाचीही पर्वा नसते, असं केंद्रात सगळे कौतुकाने म्हणत. “सही करा आणि मोकळ्या व्हा. या पिल्लांकडून काही शिका. किती गुणी आहेत. एक आवाज नाही.”

“सर, मी सही करणार नाही.”

“मग बैठकीत तसं सांगा. नोंद होईल,” मोठे डॉक्टर म्हणाले. ‘नोंद होईल’ हे त्यांनी अशा काही सुरात म्हटलं की शांतताबाईने खिशातला अहवाल चाचपून पाहिला.

४

बारा वाजता बाबा आले. बैठकीच्या दालनाबाहेर चाळीस जणांना थांबायला सांगितलं होतं. बाबा साडेतीन तास आधीच हजर. एकोणतीस वर्षं पहिल्या भोंग्याला हजर राहिलेला माणूस, भोंगा नसला तरी लवकर येतो.

“तुझी आई म्हणाली, डबा देऊन ये. म्हणजे बहुतेक तेच म्हणाली. नळ चालू होता.”

“बाबा, सही केली नाही तर माझं काम जाईल.”

“आणि केलीस तर?”

“तुम्ही उद्या लाइनवर.”

बाबांनी डबा टेबलावर ठेवला. “मी काही लाइनवर जात नाही. एकोणतीस वर्षं काचेच्या खणखणाटात उभा राहिलो, तेव्हा कोणी विचारलं नाही ऐकू येतं का. आता नाही येत म्हटलं तर म्हणतात, नाटक. तुझ्या आईला सांगितलं, तुझं बोलणं कळत नाही. ती म्हणते, कोणत्या नवऱ्याला कळतं?” ते हसले. “आम्ही बाहेर असू. काच फुटली की काय करायचं, आम्हाला ठाऊक आहे.”

लाइनवर आरडाओरडा ऐकूच जात नाही. म्हणून कुणाला फुटकी काच दिसली की तो मूठ वर करतो. त्याची मूठ ज्याला दिसेल तोही वर करतो. अशी मुठीला मूठ लागत जाते आणि टोकाचा माणूस बाटल्यांचा सरकता पट्टा थांबवतो. त्याने का थांबवायचा हे विचारायचं नसतं. मूठ वर आहे, पट्टा बंद.

जाता जाता बाबा खोक्यावर वाकले. सहाही पिल्लं चोची वासून ठणाणा करत होती. बाबांनी एकाच्या डोक्यावर बोट फिरवलं.

“मुकी आहेत का गं ही?”

शांतताबाई हसणार होती. हसू अर्ध्यावरच थांबलं.

बाबा गेल्यावर तिने यंत्राचे हेडफोन कानांवर चढवले. हे यंत्र प्रत्येक तपासणीआधी तीन सेकंद खोलीचा कानोसा घेऊन ठेवतं. एखादी नोंद उचलून कुणाच्या नावावर लावायची असेल, तर यंत्र आधी ते तीन सेकंद ऐकवतं आणि पडद्यावर विचारतं: ‘खोली शांत होती का?’ होय म्हटल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. म्हणजे चोराला ऐंशी वेळा ऐकावं लागलं होतं, आणि ऐंशी वेळा होय म्हणावं लागलं होतं.

यंत्र आणि पिल्लं एकाच दिवशी आली होती; तेव्हापासूनच्या तिच्या नोंदी होत्या एकशे एकतीस. तिने पहिल्यापासून ऐकायला सुरुवात केली. तीन-तीन सेकंदांची एकशे एकतीस सकाळी. अर्ध्या तासात सगळं ऐकून झालं, कारण काही तिने दोनदा ऐकलं.

चोराने अडतीस नोंदी वगळल्या होत्या. त्या सगळ्यांत काही ना काही जाड आवाज होता. ट्रॉलीची घरघर. पाण्याच्या पंपाचा हुंकार. दार आपटलं. काकांची जड पावलं. चोर माणूस काळजीचा, आवाज आला की नोंद बाजूला. उरलेल्यांतल्या पहिल्या ऐंशी त्याने ओळीने घेतल्या होत्या.

आणि त्या ऐंशीच्या ऐंशी नोंदींत पिल्लं नुसती कोकलत होती.

शांतताबाईने हेडफोन काढले. कोरा ऑडिओग्राम ओढला. हा तोच कागद, ज्यावर ती रोज लोकांचं ऐकू येणं मांडायची. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. चोराने पंप ऐकला: खूण. ट्रॉली ऐकली: खूण. दार, पावलं: खूण, खूण. पिल्लं: नाही, ऐंशी वेळा नाही. रेघ डावीकडून छान सरळ आली आणि उजवीकडे धाडकन खाली कोसळली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने समोर माणूस नसताना त्याचा कान तपासला होता.

५

साडेतीनच्या बैठकीला दहा माणसं होती आणि एक खोकं. खोक्यावर पांढरं फडकं टाकून शांतताबाईने ते लांब टेबलाच्या आपल्या टोकाला ठेवलं. अध्यक्षस्थानी संचालकबाई, पलीकडच्या टोकाला मोठे डॉक्टर. काका, पीएचडीबाई, झाकणराव भिंतीकडेने. काचेच्या दारापलीकडे चाळीस जण उभे होते. त्यांतले बाबा सर्वांत पुढे.

“हे काय आहे?” संचालकबाईंनी विचारलं.

“पुरावा आहे, बाई. उबेत ठेवावा लागतो.”

मोठ्या डॉक्टरांनी वीस मिनिटं भाषण केलं. मध्येच चार वाजले. घड्याळाने टीं-टीं केलं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. डॉक्टर बोलतच राहिले.

“अहवाल मंजूर करायला हरकत?” संचालकबाई म्हणाल्या.

“माझी आहे,” शांतताबाई उभी राहिली. “या ऐंशी नोंदी कामगारांच्या नाहीत. कुणीतरी एकच कान ऐंशी वेळा वापरलाय. पुन्हा तपासणी करा.”

“तो कान कुणाचा, तेही सांगा ना,” मोठे डॉक्टर थंडपणे म्हणाले. त्यांनी दोन कागद टेबलावर सरकवले. “हा अहवालातला आलेख. हा या बाईंचा. मला वाईट वाटतं, पण ऐंशी तपासण्या करायचा कंटाळा आला की माणसं असं करतात.”

संचालकबाईंनी दोन्ही कागद उजेडात धरले. वशिंडावर वशिंड बसलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“तुम्हाला या क्षणापासून कामावरून कमी करण्यात येत आहे,” त्या म्हणाल्या.

“बरं,” शांतताबाई म्हणाली आणि बसली नाही. “मग आता मी बाहेरची माणूस. बाहेरच्या माणसाला दारातून घालवायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात सांगते. सर, तुम्हाला हा कान माझा आहे हे कसं कळलं? मी सकाळपासून कुणालाही बोललेले नाही.”

“मी तज्ज्ञ आहे.”

“आहातच. चोरही तज्ज्ञच आहे. पकडला गेला तर ठसा माझा निघेल हे त्याला आधीच ठाऊक होतं.” तिने ऑडिओग्राम टेबलावर ठेवला. “हा त्या चोराचा कान आहे.”

मग तिने सगळं सांगितलं. तीन सेकंद, अडतीस वगळलेल्या सकाळी, ऐंशी घेतलेल्या. “जाड आवाज त्याला व्यवस्थित ऐकू येतात. बारीक अजिबात नाहीत. आता काका घ्या. यंत्राचे हेडफोन घालायचे तर काकांना श्रवणयंत्रं काढावी लागतात. मग त्यांना पिल्लं नाहीत नि पंपही नाही.”

“आणि घातली तर दोन्ही येतात!” काका आनंदाने ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत त्यांची यंत्रं चालू होती.

“पीएचडीबाईंना पिल्लं इतकी ऐकू येतात की त्यांना ती भाजून खावीशी वाटतात. झाकणरावांचे कान मी स्वतः तपासलेत. वरपर्यंत सरळ रेघ. त्या टोप्यांची पुण्याई.”

“आणि तुम्ही?” संचालकबाई म्हणाल्या. “कान तुमचा आहे.”

“कान माझाच आहे. बघा ना त्याच्याकडे. ऐंशी वेळा तपासलेला, वरच्या पट्टीपर्यंत ठणठणीत. हा कान असलेली बाई सहा पिल्लांच्या कोकलण्याला शांतता म्हणेल? ज्या आलेखाने तुम्ही मला काढलंत, त्यानेच मी सुटते.”

संचालकबाईंनी आलेख पुन्हा उजेडात धरला.

“एकच विनंती,” ती म्हणाली. “नियम असा आहे, की तपासणीआधी सर्वांत ज्येष्ठ तज्ज्ञाने खोलीचा निर्वाळा द्यायचा. सर, ही खोली शांत आहे का?”

आणि तिने फडकं काढलं.

सहा पिल्लं दिवसाउजेडात आली आणि सहाही जणांनी एकदम गळा काढला. पीएचडीबाईंनी कान दाबले. झाकणरावाने टोप्या खाली ओढल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्याचं पेन थांबलं.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला मोठे डॉक्टर सर्वांकडे पाहत राहिले. मग ते सभागृहाच्या आवाजात म्हणाले, “हा काय पोरखेळ आहे? खोली शांत आहे. लिहा.”

कुणीच लिहिलं नाही. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. संचालकबाईंकडे, काकांकडे, झाकणरावाच्या टोप्यांकडे. शेवटी खोक्याकडे, जिथे सहा चोची उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. त्यांना कळलं ते चोचींवरून.

ते हळूच खाली बसले.

“मी दरवर्षी तपासून घेतो,” ते म्हणाले. आवाज एकदम साध्या माणसाचा झाला होता. “माझ्याच कसोटीने. दरवर्षी पास होतो.”

“बाबाही होतात, सर.”

“तीस वर्षांत किती जणांना मी पास केलं असेल, ठाऊक आहे तुम्हाला? तुमचे हे चाळीस खरे ठरले, तर ते सगळे...”

“म्हणूनच मोजायचे, सर.”

संचालकबाईंनी घसा साफ केला. “नोंदी संशयास्पद आहेत, हे मान्य. पण मूळ नोंदी तर पुसल्या गेल्या. कारखाना म्हणेल, पुरावाच नाही. तूर्त त्यांना लाइनवर जाऊ दे, मग सवडीने...”

“मूळ नोंदी कुठेही गेलेल्या नाहीत,” शांतताबाई म्हणाली. “चाळीस माणसांच्या डोक्यांना दोन्ही बाजूंनी लावलेल्या आहेत. त्या दाराबाहेर उभ्या आहेत. लाइनवर पाठवाल तर तेवढ्या मात्र नक्की पुसल्या जातील.”

तिने दाराकडे पाहिलं. आतलं काही बाहेर ऐकू जात नव्हतं. पण एकोणतीस वर्षं खणखणाटात काढलेल्या माणसाला मुलीचा चेहरा वाचायला आवाज लागत नाही. शांतताबाईने मूठ वर केली.

काचेपलीकडे बाबांनी मूठ वर केली. त्यांच्यामागच्याने केली. त्याच्यामागच्याने. जिन्यापर्यंत मुठीला मूठ लागत गेली. ओरडलं कोणी नाही, दार कोणी ठोठावलं नाही.

झाकणराव सुरक्षा अधिकारी होता. मूठ दिसली की काय करायचं, हे त्यानेच वीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. त्याने अहवाल उचलला, दोनदा फाडला आणि म्हणाला, “पट्टा बंद. माफ करा, बाई. यात कारण विचारत नाहीत.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी ठराव झाला. चाळीसही जणांची फेरतपासणी, तोवर कुणी लाइनवर नाही, आणि शांतताबाईला कोणी काढलेलं नाही. तिने तिथेच यादी काढली. चाळीस नावांखाली एक ओळ वाढवली आणि कागद टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेला.

“एकेचाळिसावे तुम्ही, सर. सोमवारी नऊला या. मी पिल्लं बाहेर ठेवीन.”

मोठ्या डॉक्टरांनी कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “हे वाजतं?”

“दर तासाला, सर.”

त्यांनी यादीवर सही केली.

६

इतिवृत्तात एवढंच आलं: ‘किरकोळ चर्चेनंतर विषय पुढे ढकलण्यात आला.’ ते वाचून शांतताबाईने दुसऱ्या दिवशी खालील अर्ज केला. तो आवक नोंदवहीत दाखल असून विचाराधीन आहे.

‘माननीय संचालक यांसी. विषय: बैठकीच्या जागेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, यापुढे केंद्र आणि बाटली कारखान्याचे व्यवस्थापन यांच्या सर्व संयुक्त बैठका कारखान्यातील लाइन क्रमांक तीनच्या शेजारी, यंत्रे चालू ठेवून, कानांवर कोणतेही आवरण न घेता घेण्यात याव्यात. बैठकीचा कालावधी एकोणतीस वर्षे असावा. त्यानंतर ज्या सन्माननीय सदस्यांना शेजारच्याचे बोलणे समजत नसल्याची तक्रार असेल, त्यांच्या नावासमोर “सोंग” अशी नोंद करून त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा रुजू करून घेण्यात यावे. सोबत सहा साक्षीदारांच्या पंज्यांचे ठसे जोडले आहेत. सदर साक्षीदारांना प्रयोगातून कायमचे मुक्त करून केंद्राच्या आस्थापनेवर, खोली शांत आहे की नाही हे सांगण्यासाठी, नेमण्यात यावे, ही नम्र विनंती.’